आयुधपूजेनंतरचं पाणी

ऑटोरिक्षांना केळीचे खुंट बांधलेले दिसले की मी आधी त्यांच्या खालचं पाणी बघते. आज सकाळी जे. पी. नगरच्या आमच्या कोपऱ्यावर धुतलेल्या ऑटोंची रांग होती. काचेला कुंकू, आरशाला झेंडू. त्यांच्या खालून साबणाचं पाणी गटाराकडे चाललं होतं आणि पाण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा तवंग. मी थांबले आणि छत्रीचं टोक त्यात घालून फिरवलं. तवंग फाटला आणि क्षणात पुन्हा जुळून आला. म्हणजे तेलच.

"एन अक्का, काही पडलं का?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही. बघतेय."

"गटारात?" तो बाजूच्याकडे बघून हसला. हसू दे. पाण्यावर रंग दिसला की काठी घालायची, हे मी पीण्यात, बेंगळुरूच्या कारखान्यांच्या वसाहतीत, शिकले, आणि ज्या दिवसांत शिकले ते दिवस दर वर्षी याच सुमाराला परत येतात. घरी आम्ही या दिवसाला खंडेनवमी म्हणतो, वर्कशॉपमध्ये आयुधपूजा. नाव कोणतंही घ्या, त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मला धड झोप लागत नाही.

पीण्यात आमचं लहानसं वर्कशॉप आहे. माझा नवरा मशीन बघतो. बाकी सगळं मी बघते, म्हणजे खरेदी, बँक, पगार आणि कामगारांची भांडणं. लेथवर आणि ग्राइंडिंगवर तेल लागतं, आणि वापरलेलं काळं तेल कुठेतरी ठेवावं लागतं. आम्ही ते मागच्या आवारात पिंपांत ठेवायचो. सगळेच ठेवायचे. पिंपाचा तळ गंजतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं, फक्त आपल्या पिंपाचा गंजतोय असं कुणाला वाटत नाही.

आवाराच्या भिंतीपलीकडे गौरम्मा राहायची. मी तिला गौरक्का म्हणायचे. आजूबाजूला शेड उभ्या राहिल्या तरी तिनं आपला तुकडा विकला नव्हता. दोन खोल्या, एक गाय, अबोलीचे वाफे आणि मध्ये एक विहीर. अबोलीला ती कनकांबरा म्हणायची. रोज पहाटे फुलं तोडून गजरेवाल्यांना द्यायची, आणि त्यावर तिचं घर चालायचं. सगळं त्या विहिरीच्या पाण्यावर. तिथे तेव्हा नळ आमच्याकडे होता, तिच्याकडे नव्हता.

उन्हाळा लागता लागता एक दिवस ती मूठभर माती घेऊन माझ्या टेबलाशी आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मूसि नोडी, अम्मा," ती म्हणाली. वास घेऊन बघा.

वास घ्यायची गरज नव्हती. तिच्या बोटांवर काळा तेलकट डाग होता. भिंतीलगतची अबोलीची ओळ मान टाकून बसली होती. विहीर तिथून फार लांब नव्हती.

माझ्या नवऱ्याचा पहिला विचार लॉरीचा. माती उकरायची, लॉरीत भरायची, लांब टाकून यायचं. नणंद सुलभा त्या रविवारी जेवायला आली होती. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती भाताचा घास हातात धरून म्हणाली, "कुठे रिकामी करणार, दादा? दुसऱ्या कुठल्या गौरक्काच्या विहिरीशेजारी?"

"मग काय करू, खाऊ?"

"तू नको. खाणारे तिथेच बसलेत. त्यांना नुसता भात वाढून ठेवलायस म्हणून जेवण होत नाही."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण ते स्वैपाकाचं होतं. मातीत असे जीव असतातच जे तेल खातात. ते बाहेरून आणावे लागत नाहीत. पण तेल म्हणजे नुसता भात. त्यावर वरण नाही, मीठ नाही. युरिया आणि सुपर फॉस्फेट घातलं की ताट पुरं होतं. त्यांना ओल हवी आणि हवा हवी, म्हणून माती उकरून सैल लांबट ढीग करायचे आणि वरचेवर परतायचे. राहता राहिली एक अडचण. तेल मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतं, आणि हे जीव पाण्यात राहणारे, त्यांना तेलाच्या फक्त कडेला तोंड लावता येतं. म्हणून थोडा साबण. साबणानं तेलाचे बारीक थेंब होतात, कडा वाढतात, जेवायला बसायला जागा होते. बाजारातला साबण तिला नको होता. तिनं रिठे भिजवायला सांगितले.

"किती घालू?"

"वहिनी, तुमचा हात सढळ आहे. इथे नको. फेस दिसला की थांबायचं."

"भांडी घासताना कुणी फेस दिसला की थांबतं का?"

"हे भांडं नाही. साबण जास्त झाला तर तेल सुटून पाण्याबरोबर खाली जाईल. खाली काय आहे?"

खाली काय आहे हे मला माहीत होतं.

गौरक्काला मी सगळं सरळ सांगितलं. माझ्या कन्नडला शुद्ध म्हणता येणार नाही, पण कामापुरती आहे. विहिरीत अजून काही उतरलेलं नाही, सुलभानं बाटलीत पाणी नेऊन तपासलंय, तरीही सध्या पिऊ नका, आमच्या नळाचं घ्या. ती ऐकून घेत होती. तेल खाणारे किडे, हे ऐकल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी स्वप्न सांगतेय. मग म्हणाली, "नीरु तुंबो हब्बाला मी माझ्या विहिरीचंच पाणी भरणार. उसन्या पाण्यानं हब्बा होत नाही."

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या आदल्या संध्याकाळी इथे पाणी भरायचा सण असतो. हंडा घासून, हळदकुंकू लावून, वेल गुंडाळून, विहिरीचं ताजं पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं अंघोळ करायची. तिनं तारीख ठरवून दिली होती. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. उन्हाळ्यात दिवाळी लांब वाटते.

तो उन्हाळा आणि पावसाळा मी त्या ढिगांशी घालवला. चंद्रण्णा, आमचा सगळ्यांत जुना टर्नर, दुपारच्या सुट्टीत फावड्यानं माती परतायचा आणि मी रिठ्याचं पाणी शिंपडायचे. कामगार लांबून बघायचे. मालकीणबाई मातीला न्हाऊ घालतायत, अशी चेष्टा माझ्या कानावर आली होती. ढिगात हात घातला की आत ऊब लागायची. सुलभा म्हणायची, ऊब म्हणजे ते जेवतायत. मी रोज हात घालायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा, फक्त इथे ताप हवा होता. हळूहळू वास बदलला. गॅरेजचा वास गेला आणि मातीला मातीचा वास येऊ लागला. भाद्रपदात ढिगाच्या कडेला गवताची पाती आली. सुलभानं पुन्हा बाटली भरून नेली आणि निरोप दिला, दसरा झाला की गौरक्काला पाणी प्यायला हरकत नाही.

गौरक्का रोज सकाळी आमच्या नळावर घागर लावायची. तिची विहीर भरलेली, आणि ती कारखान्याच्या फाटकातून आत येऊन रांगेत उभी. "तुमचं पाणी औषधासारखं लागतं," ती म्हणायची. "गाय तोंड फिरवते." मी भरलेली घागर उचलून तिच्या कडेवर द्यायचे.

आयुधपूजेच्या आधीची धुलाई ज्यानं पीण्यात पाहिली नाही त्याला कळणार नाही. वर्षभर काजळी, तेल, लोखंडाचा चुरा. त्या एका दिवसासाठी सगळं धुऊन निघतं. रॉकेलनं मशीन पुसतात, धुलाईची पावडर पोत्यानं आणतात, फरशी खराट्यानं घासतात. मग लेथला कुंकवाची बोटं, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, फाटकाशी फोडलेला कोहळा, आणि सगळ्यांना चुरमुरे, फुटाणे आणि मिठाई. ही धुलाई कामगार स्वतः करतात. आदल्या दिवशी आम्ही घरी असतो, घटाची माळ असते. त्यात मालकानं लुडबुड करायची नाही, हा रिवाज.

पूजेच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फरशीत तोंड दिसत होतं. नवरा खूष झाला. मला साबणाचा वास आला, आणि त्या वासाखाली रॉकेलचा. मी न थांबता मागच्या दाराकडे गेले. आवारात फेस होता. सगळ्या ढिगांवर, खालच्या चरांत, भिंतीच्या बुडापर्यंत पांढरा, निम्म्या पोटरीपर्यंत, आणि त्याच्या कडांना काळी झालर.

चंद्रण्णा नवी लुंगी नेसून मागे येऊन उभा राहिला. त्याला वाटलं होतं मी शाबासकी देईन.

"तेल ओतलं नाही, अम्मा," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तसं एक थेंब नाही. हे देवाच्या धुलाईचं पाणी. तुम्ही रोज स्वल्प स्वल्प साबण घालत होतात. आम्ही सगळे म्हणालो, हब्बा आहे, एकदा भरपूर घालू. काम लवकर होईल."

तो चुकला होता, पण त्याच्या हिशोबात कुठेही चूक नव्हती. जे आम्ही करताना त्यानं महिनोन्महिने पाहिलं तेच त्यानं मनापासून केलं होतं, फक्त मोठ्या हातानं. आत लेथपुढे कापूर लावला होता आणि पुरोहित वाट बघत होते. मी म्हटलं, "पूजा करून घ्या. मग फावडी घेऊन या." त्याचा चेहरा उतरला, आणि पूजा होईपर्यंत तसाच राहिला.

सुलभाला फोन केला. सगळं सांगितलं.

"वहिनी, पाऊस?"

मी बाहेर बघितलं. बेंगळुरूत त्या दिवसांत सकाळी ऊन असतं आणि दुपार कलली की ढग येतात. "संध्याकाळी येईल."

"मग संध्याकाळच्या आधी विहिरीच्या बाजूला चर खणा. त्यात काथ्याचा भुसा भरा, तो तेल पितो. वर ताडपत्री. आणि आता रिठे नाही, साबण नाही, काही नाही."

त्या दिवशी नव्या कपड्यांतच सगळ्यांनी चर खणला. चुरमुऱ्यांच्या पिशव्या खिडकीत तशाच राहिल्या. मी भिंतीपलीकडे गेले आणि गौरक्काला सांगितलं, दसऱ्यानंतरचं रद्द, अजून पिऊ नका. तिच्या हातात अबोलीचा अर्धा गजरा होता. ती गाठ मारत राहिली.

"मला घाईच नव्हती," ती म्हणाली. "घाई तुमच्या साबणाला."

त्यानंतरचे दिवस मला एकसलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. ताडपत्री आठवते. ती घातली की ढिगाला हवा नाही, काढली तर पाऊस. म्हणून सकाळी काढायची, ढग आले की घालायची. मी बँकेत असले तरी खिडकीतून वर बघायचे. काउंटरवरचा माणूस म्हणायचा, मॅडम, सही. थंड ढीग आठवतात. हात घातला की ओला, मेलेला गारठा. रॉकेलनं आणि धुलाईच्या पावडरीनं आतले जीव मेले असतील की नुसते दबले असतील, हे सुलभालाही सांगता येत नव्हतं. ती खोटं बोलत नाही, हा तिचा गुण तेव्हा मला नको होता. भिजलेला काळा भुसा आम्ही सिमेंटच्या ओट्यावर काढून टाकत होतो, त्यात जुन्या ढिगाच्या पोटातली चांगली माती विरजणासारखी मिसळत होतो, आणि चरात नवा भुसा भरत होतो. विरजण लागतंय की नाही, हे भांडं हलवून कळत नाही. वाट बघावी लागते, आणि वाट बघणं मला जमत नाही.

एका दुपारी वाऱ्यानं ताडपत्री उचलली. पाऊस आडवा येत होता. आम्ही चार टोकांना चार जण लोंबकळत होतो आणि मधला भाग शिडासारखा फुगला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून गौरक्का पदर खोचून आली, कडेवर मूल धरावं तसा तिच्या रगड्याचा गुंडा धरून. तो तिनं धप्पकन ताडपत्रीवर ठेवला. मग परत गेली आणि दगडी पाटा घेऊन आली.

"एवढी मशीन तुमच्याकडे," ती चंद्रण्णाला म्हणाली, "आणि वजनाला माझा रगडा लागतो."

"अक्का, मशीन उचलायला क्रेन लागते."

"मग क्रेन आणा. मला उद्या इडलीचं वाटायचंय."

चंद्रण्णा त्या दिवशी पूजेनंतर पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गुंडा धुऊन तिच्या दारात नेऊन ठेवला. साध्या पाण्यानं धुतलाय, असं तिला दोनदा सांगितलं.

आणि मग तो तवंग. मी रोज सकाळी वर्कशॉपच्या आधी विहिरीवर जायचे. रहाटाला हात न लावता नुसती वाकून बघायचे. त्या दिवशी पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं आणि कडेच्या दगडापाशी रंग होते. निळा, जांभळा, पिवळा. मी कठड्याला धरून उभी राहिले. गौरक्का गाईच्या धारा काढत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. तिला हाक मारायची की नाही, हेच मला कळेना. घाबरली की माणसं आधी लपवायला बघतात, मीही बघितलं असतं. पण ती मान न वळवता म्हणाली, "मी पहाटेच पाहिलं. तुमची वाट बघत होते."

फोनवर सुलभानं एकच सांगितलं. काठी घाला. तवंग फाटून पुन्हा जुळला तर तेल. काचेसारखे तुकडे होऊन तुकडेच राहिले, तर तो लोहाचा थर, जमिनीतलाच, त्याची भीती नाही.

गाईसाठी पाला ओढायची लांब आकडी होती, तीच घेतली. गौरक्कानं ती माझ्याकडून घेतली आणि स्वतः खाली सोडली. टोक पाण्याला लागलं. तवंगाला तडा गेला. मग आणखी एक. पापडाचे व्हावेत तसे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि एकमेकांपासून लांब तरंगत राहिले. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. ते जुळले नाहीत.

"हे तर आमच्या विहिरीत नेहमी येतं," गौरक्का म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळेपासून."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुमचं तेल नव्हतं. आता कुठलं आपलं, कुठलं तुमचं, कसं ओळखू?"

आम्ही तिचं पाणी बिघडवलं नव्हतं असं मानलं, तरी तिचा भरवसा बिघडवला होता. तो कशानं धुऊन निघतो, हे सुलभाच्या पुस्तकात नसणार.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ओट्यावरच्या भुशात हात घातला आणि ऊब लागली. मी हात काढला, दुसरा घातला. चंद्रण्णाला बोलावलं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. भिंतीकडच्या चरातला भुसाही आता कोरडा, तपकिरी निघत होता. सुलभानं विहिरीचं पाणी नेऊन तपासलं आणि निरोप दिला, ठीक आहे. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, बाटलीतलं नक्की.

गेल्या आठवड्यात माझा भाचा घरी आला होता. पुण्याहून आलाय, कोरमंगलात राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. कुठेतरी समुद्रात तेल सांडल्याचं वाचून मला विचारत होता, "मावशी, ते तेल खाणारे बॅक्टेरिया विकत कुठे मिळतात?" मी म्हटलं, विकत कशाला, असतातच. आपण आधी जास्तीचा हात आवरायचा असतो. त्याला ते उत्तर आवडलं नाही.

त्या वर्षी नीरु तुंबो हब्बाच्या संध्याकाळी मी गौरक्काकडे गेले. आकाश स्वच्छ होतं, तरी मी वर बघून घेतलं. तिनं तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लख्ख केला होता, गळ्याला वेल गुंडाळला होता. रहाटाला हळदकुंकू, कठड्यावर अबोलीची ओळ, दिवा. चंद्रण्णा आमच्या भिंतीपाशी चपला काढून उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी सुलभाचा निरोप पुन्हा सांगितला, बाटलीत काही सापडलं नाही.

"बाटलीतलं पाणी तुमचं, अम्मा," गौरक्का म्हणाली. "हे माझं."

तिनं बादली खाली सोडली. रहाट करकरला. बादली वर आली, तिनं ती कठड्यावर ठेवली आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबली. वर काही नव्हतं, फक्त दिवा दिसत होता. तिनं पितळी भांडं बुडवून भरलं आणि माझ्यापुढे धरलं.

"नीवे मोदलु," ती म्हणाली. आधी तुम्ही.

मी भांडं घेतलं. पाणी गार होतं, किंचित लोखंडी, विहिरीचं. पहिला घोट गिळला. ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी दुसरा घोट घेतला. मग तिनं बादली उचलून हंड्यात ओतली.